शब्द दिलाय, तर पाळायचा का? २०३० च्या आधी थोडं बोलून घेऊ

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. निवांत असाल तेव्हा वाचा, पण घेतलीत तर शेवटपर्यंत वाचा. अर्धवट वाचून शिव्या घालणारे माझ्याकडे आधीच पुष्कळ आहेत.

विषय अबू सालेमचा. "त्याला २०३० मध्ये सोडणार हे खरं का?" असं मला गेल्या काही महिन्यांत इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सगळं मांडावं म्हटलं. वरवर बघितलं तर प्रश्न एका गुंडाचा आहे. पण त्याच्या मागे आपला फौजदारी कायदा, परदेशांशी आपले व्यवहार आणि आपल्याकडच्या साध्या माणसाला मिळणारा न्याय, असा सगळा गुंता आहे. तो सोडवायचा प्रयत्न करतो. मी वकील नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला, नायगाव-भोईवाडा-परळच्या बातम्या करणारा माणूस आहे. भोईवाडा कोर्टाच्या बाकांवर वीसेक वर्षं बसून जेवढं कळलं तेवढंच सांगतो.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. १२ मार्च १९९३ म्हटलं की लोकांना शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, प्लाझा, सेंच्युरी बाजार आठवतं. २५७ माणसं गेली, ७०० हून जास्त जखमी झाली. पण नायगाव क्रॉस रोडवरसुद्धा एक स्कूटर उभी करून ठेवली होती, आरडीएक्स भरलेली, हे आज आपल्याकडच्या किती पोरांना ठाऊक आहे? ती फुटली नाही. बॉम्बनाशक पथकाने ती निकामी केली. फुटली असती तर आज ही पोस्ट वाचणाऱ्यांपैकी काही जण नसते, कदाचित लिहिणाराही नसता. मी तेव्हा शाळेत होतो आणि त्या रस्त्याने रोज जात होतो. पुढे कित्येक दिवस बेवारस उभी स्कूटर दिसली की आई आमचा हात धरून पलीकडच्या फुटपाथला न्यायची. त्यामुळे या खटल्याबद्दल मी तटस्थपणे बोलतोय असा आव आणणार नाही. तो आमच्या रस्त्याचा खटला आहे.

आता सालेमची हकीकत, तारीखवार. स्फोटांसाठी आलेली हत्यारं गुजरातमधल्या भरूचहून मुंबईत आणल्याचा त्याच्यावर आरोप होता. तो देश सोडून पळाला. सप्टेंबर २००२ मध्ये पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये सापडला. तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारच नव्हता, तो झाला २००७ मध्ये. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. तिथे जास्तीत जास्त शिक्षा २५ वर्षं. जिथे फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा देशाच्या हवाली माणूस करायला त्यांची राज्यघटनाच आडवी येते.

मग आपण काय केलं? आपण लेखी हमी दिली. १७ डिसेंबर २००२ रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारत सरकारच्या वतीने कळवलं, की याला फाशी होणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त काळ तुरुंगात ठेवलं जाणार नाही. त्या कागदाच्या जोरावर तिथल्या कोर्टांत तीन वर्षं झगडून ११ नोव्हेंबर २००५ रोजी त्याला भारतात आणलं. त्या दिवशी विमानतळावरच्या बातम्या बघून आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आठवतंय? त्या टाळ्यांची किंमत म्हणजे तो कागद. तेव्हा त्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही.

पुढे घोळ झाला. प्रत्यार्पणाचा एक जगन्मान्य नियम आहे: ज्या गुन्ह्यांसाठी माणूस मागून घेतला, त्यांच्यापुरताच खटला चालवायचा. आपल्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम २१ मध्येही तो आहे. सालेमवर इथे आणखी काही कलमं लावली गेली. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये ते चालेल असं म्हटलं, पण लिस्बनच्या कोर्टाला ते पटलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी ठरवलं की भारताने अटी मोडल्या. जानेवारी २०१२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानेही आपलं अपील फेटाळलं. शेवटी २०१३ मध्ये आपल्याच तपास यंत्रणेला सुप्रीम कोर्टात जाऊन काही कलमं मागे घ्यायची परवानगी मागावी लागली. म्हणजे आधी शब्द द्यायचा, मग तो ताणून बघायचा आणि मग निमूट मागे यायचं.

२०१७ मध्ये टाडा कोर्टाने त्याला बॉम्बस्फोट खटल्यात जन्मठेप ठोठावली. त्याआधी २०१५ मध्ये एका बिल्डरच्या खुनातही जन्मठेप झाली होती. सालेम सुप्रीम कोर्टात गेला, म्हणाला मला २५ वर्षांची हमी दिली होती. ११ जुलै २०२२ रोजी न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि एम. एम. सुंदरेश यांनी निकाल दिला. तो नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲपवर त्याची पार खिचडी झालीय. कोर्टाने शिक्षा कमी केली नाही. जन्मठेप कायम आहे. पण सरकारने दिलेला शब्द सरकारवर बंधनकारक आहे, असं सांगितलं. २५ वर्षं ऑक्टोबर २००५ पासून मोजायची. ती पूर्ण झाली की सरकारने महिन्याभरात कागद राष्ट्रपतींकडे न्यायचे किंवा आपल्या अधिकारात शिक्षा माफ करायची. मधल्या काळात तुरुंगातल्या चांगल्या वागणुकीची सूट धरून आपली २५ वर्षं झालीच, असं म्हणत तो मुंबई हायकोर्टात गेला होता. २०२५ मध्ये हायकोर्टाने प्रथमदर्शनी ती झालेली दिसत नाहीत असं म्हटलं. तेव्हा हिशेब येऊन थांबतो तो २०३० वर.

आता खरं अवघड. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचा थोरला भाऊ त्या दिवशी सेंच्युरी बाजारच्या स्टॉपवर होता. नाव सांगत नाही. मी त्यांना हा सगळा कायदा समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, त्याला पंचवीस वर्षांची हमी दिली. माझ्या भावाला कोणी दिली होती?"

याला माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याच्या कुठल्या पुस्तकात ते असेल असंही वाटत नाही. पण "मग सोडूच नये" हे जे पुढचं वाक्य लोक लगेच जोडतात, ते मला मान्य नाही. का, ते सांगतो.

पळून गेलेला माणूस परत आणायचे मार्ग मोजकेच आहेत. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट, असा आपल्याकडे समज आहे. ते तसं नाही. ती फक्त "हा माणूस आम्हाला हवाय, दिसला तर बघा" अशी विनंती असते. अटक करायची की नाही हे तो देश ठरवतो, आणि हवाली करायचं की नाही हे बहुतेक ठिकाणी तिथलं कोर्ट ठरवतं. आपला पोलीस तिथे जाऊन कोणाची कॉलर धरू शकत नाही. अशा वेळी आपल्या हातात एकच चलन असतं: आपला शब्द. उद्या दुसऱ्या कुठल्या देशात दुसरा कोणी सापडला, तर तिथला न्यायाधीश सगळ्यात आधी विचारणार की भारताने पोर्तुगालला दिलेला शब्द पाळला का. सालेमला एक दिवस जास्त ठेवल्याचं समाधान आपल्याला मिळेल, पण त्याची फेड पुढच्या प्रत्येक प्रकरणात करावी लागेल. ज्यांना बाहेर बसून सुरक्षित राहायचंय, त्यांना यापेक्षा मोठी भेट दुसरी नाही.

तहव्वूर राणाचं उदाहरण घ्या. २६/११ च्या कटातल्या या आरोपीला १० एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेतून भारतात आणलं. त्याआधी तिथली एकेक पायरी चढून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्याचा मुद्दा होता, की शिकागोच्या कोर्टाने २०११ मध्ये मला मुंबईच्या आरोपातून सोडलंय, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको. तिथल्या कोर्टांनी ते ऐकून घेतलं, तपासलं, फेटाळलं आणि मग पाठवलं. वर्षं गेली, पण माणूस आला. उलट त्याचाच मित्र डेव्हिड हेडली. त्याने अमेरिकन सरकारशी सौदा करून गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात भारताच्या हवाली न करण्याची अट घालून घेतली. ३५ वर्षांची शिक्षा तिकडेच भोगतोय. आपल्या वाट्याला काय आलं? फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात पडद्यावर त्याची साक्ष. तीही होऊ शकली कारण २००३ मध्ये, मुंबईतल्याच एका वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात, न्यूयॉर्कच्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला सुप्रीम कोर्टाने मोकळीक दिली होती. अमेरिकेने हेडलीला दिलेला शब्द पाळला, याचा आपल्याला राग येतो. पण तोच देश शब्द पाळतो म्हणूनच तिथले आरोपी तोंड उघडतात, हेही खरं.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. ११ जून २०११ रोजी ज्येष्ठ गुन्हे पत्रकार ज्योतिर्मय डे यांना पवईत गोळ्या घातल्या. आम्ही सगळे छोटे-मोठे वार्ताहर काळ्या फिती लावून मोर्च्यात गेलो होतो. गोळ्या झाडणारे लवकर सापडले. पण हुकूम देणारा छोटा राजन परदेशात होता. २०१५ मध्ये तो इंडोनेशियातल्या बालीमध्ये पकडला गेला, तिथून त्याला भारतात पाठवलं आणि मगच मे २०१८ मध्ये विशेष न्यायालय त्याला जन्मठेप सुनावू शकलं. बालीच्या विमानतळावर तो अडवला गेला म्हणून पवईतल्या एका खुनाचा निकाल पूर्ण झाला. परदेशी सहकार्य म्हणजे दिल्लीतल्या साहेबांचा विषय असं वाटणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आणि हा विषय मराठी माणसाला नवीन नाही. जुलै १९१० मध्ये सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी मारली. ते पोहून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले. तिथल्या पोलिसाने त्यांना धरून परत ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. फ्रेंच भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला कुठल्याही कोर्टासमोर न नेता असं देता येतं का, यावर युरोपात गदारोळ झाला आणि प्रकरण हेगच्या लवादाकडे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा असा होता: जे झालं त्यात अनियमितता होती, पण परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. त्या निवाड्यात सावरकरांना स्वतःला काही म्हणायचा अधिकारच नव्हता. भांडण दोन सरकारांचं होतं आणि माणूस त्यांच्यामधला माल. शाळेत आपण ती उडी शिकलो. मला मात्र त्या कहाणीत रीत मोडण्याची किंमत दिसते. आपल्या माणसाच्या बाबतीत रीत मोडली याचा ज्यांना शंभर वर्षांनंतरही राग येतो, त्यांनी नको असलेल्या माणसाच्या बाबतीत "रीत गेली खड्ड्यात" म्हणू नये.

आता तुरुंगाकडे येऊ. नायगावहून आर्थर रोड जेल काही लांब नाही. त्या जेलमधली बराक क्रमांक १२ लंडनच्या न्यायाधीशांनी व्हिडिओवर बघितलीय, हे माहितीय का? विजय मल्ल्याच्या खटल्यात भारताला ती दाखवावी लागली: उजेड किती, संडास कसा, खिडकी कुठे. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या कोर्टाने त्याच्या प्रत्यार्पणाला मंजुरी दिली, २०२० मध्ये अपीलही फेटाळलं गेलं, तरी पुढची कित्येक वर्षं तो लंडनमध्येच राहिला. नीरव मोदीच्या वेळी पुन्हा तीच बराक. मेहुल चोक्सीला बेल्जियममध्ये पकडल्यावर २०२५ मध्ये पुन्हा तीच बराक, आणि सोबत हमी, की याला किमान तीन चौरस मीटर स्वतःची जागा मिळेल. युरोपातल्या मानवाधिकार न्यायालयाने धरलेलं माप आहे ते.

तीन चौरस मीटर म्हणजे साधारण बत्तीस चौरस फूट. आपल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आपण सात-आठ माणसं वाढलो. भागाकार करून बघा. चोक्सीला तुरुंगात जेवढी जागा द्यायची हमी भारत सरकारने दिली, तेवढी मला लहानपणी घरात मिळत नव्हती. हे वाचून हसायला येईल, रागही येईल. मलाही आला. पण राग कुठे वळवायचा ते ठरवा. "त्याला एवढी कशाला?" असं विचारायचं, की "बाकीच्यांना का नाही?" असं?

कारण त्याच आर्थर रोडमध्ये अधिकृत क्षमता हजाराच्या आतबाहेर आणि आत कोंबलेले कैदी तिच्या काही पट, हे जगजाहीर आहे. त्यातले बहुसंख्य कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय असे. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा मुलगा हाणामारीच्या केसमध्ये दीड वर्ष आत होता, कुठल्या जेलमध्ये ते सांगत नाही. मुलाखतीहून आल्या की त्या एवढंच सांगायच्या, "कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं म्हणतो." त्याची बराक बघायला कुठलाही परदेशी न्यायाधीश येणार नव्हता. परदेशी कोर्टाला दाखवायला एक बराक चकचकीत ठेवायची आणि बाकीच्यांवर पडदा टाकायचा, हे फार दिवस चालत नाही. बचाव पक्षाचे वकील हेच आकडे कोर्टात मांडतात आणि आपला माणूस तिथेच राहतो. तुरुंग सुधारणा हा दयाळू लोकांचा छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो: पळालेल्यांना परत आणायचं असेल तर सगळ्या बराकी बारा नंबरच्या करायला हव्यात.

आता नवीन कायदा. १ जुलै २०२४ पासून जुनी सीआरपीसी जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ३५६ मध्ये एक मोठी गोष्ट आहे: फरार घोषित केलेल्या आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून शिक्षाही देता येते. आधी गैरहजेरीत फक्त साक्षी नोंदवून ठेवता यायच्या, आरोपी सापडेपर्यंत निकाल थांबायचा. दाऊद, टायगर मेमन यांच्यासारखे तीस वर्षांहून जास्त काळ गायब असलेले लोक डोळ्यांसमोर ठेवले, तर ही तरतूद कोणालाही पटेल. साक्षीदार म्हातारे होतात, मरतात. न्याय असा किती दिवस बाकावर बसून राहणार?

अटीही आहेत. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यातच फरार घोषित करता येतं. आरोप निश्चित झाल्यावर ९० दिवस थांबायचं. किमान ३० दिवसांच्या अंतराने दोन वॉरंटं. पेपरात नोटीस. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवायचं. शेवटच्या माहितीतल्या घरावर आणि पोलीस ठाण्यात नोटीस डकवायची. वकील नसेल तर सरकारने द्यायचा. कागदावर हे सगळं ठीक दिसतं.

पण "शेवटच्या माहितीतलं घर" म्हणजे काय, हे नायगावकरांना विचारा. आपल्या चाळींचा पुनर्विकास चाललाय. कोणी संक्रमण शिबिरात गेलं, कोणी भाडं घेऊन नालासोपाऱ्याला, कोणी गावी. इमारत पाडली तर नोटीस डकवणार कुठे, पत्र्याच्या कुंपणावर? आणि पेपरातली जाहीर नोटीस? मी छोट्या पेपरांत काम केलंय. आमचं अर्धं पोट जाहीर नोटिशींवर भरतं, आणि त्या पानाच्या आकाराचं अक्षर वाचायला भिंग लागतं. आपल्याकडची पोरं बोटीवर आहेत, आखातात आहेत. कोणाच्या नावावर एखाद्या आर्थिक फसवणुकीच्या मोठ्या गुन्ह्यात बोट दाखवलं गेलं आणि तो सहा महिने समुद्रात असेल, तर पळालेला आणि माहीतच नसलेला यातला फरक कोण करणार? कायदा म्हणतो, चुकवण्यासाठी पळालेला हवा. पण ते ठरवताना कोर्टासमोर कागद असतात ते पोलिसांनीच दिलेले.

आणि आणखी एक पेच. गैरहजेरीत शिक्षा झालेला माणूस युरोपातल्या देशाकडे मागितला, तर तिथलं कोर्ट सहसा विचारतं: परत आल्यावर याला नव्याने खटला लढवायची संधी आहे का? आपल्या कलमात नव्याने खटल्याची तशी हमी नाही. अपील आहे, पण आरोपी स्वतः अपील कोर्टात हजर झाला तरच, आणि निकालापासून तीन वर्षांच्या आत. म्हणजे ज्या निकालाने आपल्याला इथे समाधान मिळेल, तोच निकाल त्या माणसाला तिथे राहायला कारण देईल अशी शक्यता आहे. निकालाचा कागद हातात आणि माणूस हाताबाहेर. माझं म्हणणं एवढंच, की परत आलेल्याला फेरखटला मागता येईल अशी तरतूद केली तर कलमाचे दात पडणार नाहीत. उलट ते परदेशात चालेल.

तुम्ही म्हणाल, आम्हाला दाऊद-सालेमशी काय करायचंय, आम्ही साधी माणसं. ठीक. मग साध्या माणसाचं ऐका. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला फोन आला, "तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय." दोन दिवस बाईंना व्हिडिओ कॉलसमोरून उठू दिलं नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे गेले. (कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे म्हाताऱ्या माणसांना परत परत सांगा.) तक्रार दिली तेव्हा कळलं की फोन परदेशातून, खाती भाड्याची, पैसा चार हातांतून फिरून देशाबाहेर. तपास अधिकारी वाईट नव्हता. तो खरं ते बोलला: "बाई, बाहेरच्या कंपनीकडून माहिती मागवायची तर कोर्टाकडून विनंतीपत्र काढावं लागतं. ते गृह मंत्रालयातून जातं. मग तो देश बघणार."

या विनंतीपत्राला वकील लोक लेटर रोगेटरी म्हणतात, नव्या संहितेत ते कलम ११२ आहे. समोरच्या देशाच्या भाषेत भाषांतर हवं, त्यांच्या कायद्यातही तो गुन्हा बसतोय हे दाखवावं लागतं, नेमकं काय हवंय ते लिहावं लागतं. काही चुकलं की परत. बोफोर्स प्रकरणात १९९० मध्ये स्वित्झर्लंडला विनंतीपत्र गेलं आणि कागदांचा पहिला गठ्ठा आला जानेवारी १९९७ मध्ये. देशाची इभ्रत पणाला लागलेल्या प्रकरणात सात वर्षं, तर बाईंच्या प्रॉव्हिडंट फंडाला किती? अमेरिकेशी आपला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार २००५ पासून लागू आहे. पण तो बनला तेव्हा मोबाइलवरच्या मेसेजची नोंद काही महिन्यांत पुसली जाते, पैसा काही मिनिटांत सीमा ओलांडतो, हे कोणाच्या गावी नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये 'भारतपोल' नावाचं पोर्टल सुरू झालं, राज्याच्या पोलिसांना इंटरपोलच्या मदतीसाठी सीबीआयकडे त्यावरून विनंती करता येते. चांगलं पाऊल आहे. पण पोर्टलवर अर्ज भरणारा माणूस शिकलेला हवा, आणि त्याच्याकडे त्या दिवशी बंदोबस्ताची ड्युटी नसावी.

म्हणून मला वाटतं, आपल्या नगरसेवकापासून खासदारापर्यंत, जो मत मागायला येईल त्याला गटार आणि पाण्यासोबत हेही विचारायला हवं. परदेशी विनंतीपत्रं नीट लिहू शकेल असं प्रशिक्षित पथक मुंबई पोलिसांच्या प्रत्येक विभागात कधी देणार? तक्रारदाराला त्याचं विनंतीपत्र कुठे अडकलंय हे कळायची सोय का नाही? पासपोर्टच्या अर्जाची जागा मोबाइलवर कळते, मग याची का नाही? कच्च्या कैद्यांची गर्दी कमी करायला काय करणार? आणि कलम ३५६ खाली कोणाला फरार ठरवलं, याची मराठीतली यादी कोर्टाच्या फळ्यावर आणि ऑनलाइन लागेल का?

पुन्हा सालेमवर येतो. २०३० मध्ये काय होईल ते मला आत्ताच दिसतंय. टीव्हीवर आरडाओरडा होईल, निवडणूक जवळ असेल तर जास्तच. कोणीतरी म्हणेल, त्या वेळच्या सरकारने दिलेला शब्द आम्ही का पाळायचा? सुप्रीम कोर्टाने याचं उत्तर देऊन ठेवलंय: शब्द भारताने दिला होता. सरकारं येतात-जातात, पोर्तुगालच्या फायलीत सही देशाची आहे.

ज्यांच्या घरातलं माणूस त्या शुक्रवारी गेलं, त्यांना हे कोरडं वाटेल. वाटणारच. त्यांना दुःख गिळा म्हणायचा अधिकार मला नाही आणि मी म्हणतही नाही. मला एवढंच कळतं, की नायगाव क्रॉस रोडवर स्कूटर ठेवायला लावणारे अजून बाहेर आहेत. त्यांच्यातला कोणी उद्या कुठल्या देशात सापडला, तर तिथल्या न्यायाधीशापुढे आपला वकील उभा राहील तेव्हा त्याच्या हातात आपला पाळलेला शब्द असायला हवा. त्या दिवशी लोक चिडले तरी मी हेच लिहीन, म्हणून आज तारीखवार लिहून ठेवलं.

पटलं नाही तर जरूर सांगा. फक्त वाचून सांगा.